सेन्सर बदलण्याआधी तपासणारे गॅरेज : शिवाजी उद्यमनगरातील एका वर्कशॉपची सेवा

कोल्हापुरात जर्मन बनावटीच्या महागड्या गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, नागाळा पार्क या भागांत त्या सर्रास दिसतात. मात्र अशा गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि बिघाड सायलेन्सरमधल्या एखाद्या सेन्सरशी निगडित आहे असे कळले, की मालकाची खरी अडचण सुरू होते. अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा परगावी असते, आणि गावातले नेहमीचे मिस्त्री, कामात कितीही वाकबगार असले तरी, या सेन्सरना हात लावायला कचरतात. शिवाजी उद्यमनगरातील ज्या वर्कशॉपबद्दल मी लिहीत आहे, तिथे या एका विषयाचा नीट अभ्यास झालेला आहे. तिथल्या मुख्य मिस्त्रींना गिऱ्हाइके जोडायची हौस नाही आणि आपले नाव कुठे छापून यावे अशी इच्छाही नाही, म्हणून वर्कशॉपचे नाव इथे दिलेले नाही. पण त्यांच्या कामाची पद्धत इतर वाहनमालकांना माहीत असावी असे मला मनापासून वाटते.

माझी गाडी बीएस-6 मानकाची डिझेल सेडान आहे. म्हणजे 1 एप्रिल 2020 पासून जे नियम लागू झाले, त्यांनुसार तिच्यात डीपीएफ हा काजळी धरून ठेवणारा फिल्टर आहे, शिवाय नायट्रोजनची ऑक्साइड्स निष्प्रभ करणारी एससीआर यंत्रणा आहे आणि तिच्यासाठी लागणाऱ्या ॲडब्लूची, म्हणजे युरियाच्या द्रावणाची, वेगळी टाकी आहे. तिच्यातही तोच पिवळा दिवा लागला, आणि दिव्यापाठोपाठ पडद्यावर असा इशाराही आला, की ठरावीक किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. परगावच्या सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून पी20ईई हा कोड काढला आणि दोन्ही नॉक्स सेन्सर, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइड्स (नॉक्स) मोजणारे सेन्सर, बदलण्याचे अंदाजपत्रक हाती दिले. त्यातला आकडा असा होता, की त्या पैशांत एखादी बऱ्या अवस्थेतील जुनी दुचाकी सहज आली असती. एका परिचितांच्या सांगण्यावरून गाडी उद्यमनगरात नेली.

तिथे पहिली चांगली गोष्ट दिसली ती ही, की मिस्त्रींनी स्कॅनर जोडल्यावर कोड पुसला नाही. बहुतेक ठिकाणी कोड वाचतात, पुसतात आणि दिवा पुन्हा लागतो का ते पाहतात. इथे त्यांनी आधी ‘फ्रीझ फ्रेम’ उघडली. कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिनाचे तापमान किती होते, त्यावर भार किती होता, ही माहिती गाडीचा संगणक कोडसोबत जपून ठेवत असतो, आणि कोड पुसला की ती माहितीही जाते. नोंद अशी निघाली, की इंजिन तापलेले होते, पण गाडी शहरातल्या संथ वेगाने चालली होती आणि सायलेन्सरमधल्या वायूचे तापमान जेमतेम दोनशे अंशांच्या आसपास होते. मिस्त्री म्हणाले, “साहेब, सेन्सर बदलायची घाई नको. आधी तो काय सांगतोय ते बघूया.” पुढचा सगळा तपास या एका वाक्याला धरून झाला.

पी20ईई या कोडचा अर्थ मुळात ‘सेन्सर खराब आहे’ असा नाही. एससीआर यंत्रणेची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीपेक्षा कमी भरते, एवढेच तो सांगतो. नॉक्स सेन्सरच्या विद्युत मंडलातला दोष असता तर पी2200 किंवा त्याच्या जवळपासचा कोड आला असता. हा फरक समजून घेतला, की मालकाचे निम्मे नुकसान टळते, म्हणून तो थोडा खोलात जाऊन सांगणे आवश्यक वाटते. माझ्या गाडीत दोन नॉक्स सेन्सर आहेत. एक एससीआरच्या अलीकडे असतो आणि इंजिनातून किती ऑक्साइड्स येतात ते मोजतो. दुसरा पलीकडे असतो आणि ॲडब्लूची फवारणी होऊन रासायनिक क्रिया झाल्यानंतर त्यांतली किती उरली ते मोजतो. ॲडब्लू म्हणजे शुद्ध पाण्यात विरघळवलेला 32.5 टक्के युरिया. तप्त वायूत तो फवारला, की त्यापासून अमोनिया तयार होतो आणि अमोनियामुळे एससीआरमध्ये नायट्रोजनच्या ऑक्साइड्सचे साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर होते. पलीकडच्या सेन्सरचा आकडा अलीकडच्याच्या जवळ आला, तर संगणक पी20ईई नोंदवतो. आता हा आकडा खरोखरच जास्त आहे की सेन्सरच चुकीचे मोजतो आहे, हा प्रश्न उरतो आणि स्कॅनरवर उमटलेला कोड त्याचे उत्तर देत नाही. ते शोधावे लागते.

नॉक्स सेन्सरची रचना पाहिली म्हणजे तो इतका महाग का, हेही कळते. झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या पट्टीत लहान कप्पे असतात. पहिल्या कप्प्यातून वायूमधला मोकळा ऑक्सिजन विजेच्या साहाय्याने बाहेर काढला जातो. पुढच्या कप्प्यात ऑक्साइड्सचे विघटन होते आणि त्यातून सुटणारा ऑक्सिजन मोजून मूळ प्रमाण काढले जाते. हे सगळे घडण्यासाठी आतला हीटर पट्टी सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. सेन्सरला स्वतःची इलेक्ट्रॉनिक पेटी जोडलेली असते आणि दोन्हींचे मोजमाप कारखान्यात एकत्र जुळवलेले असल्यामुळे ते जोडीनेच विकले जातात. पेटी एका गाडीची आणि सेन्सर दुसऱ्या गाडीचा, अशी जुळवाजुळव करू नये.

सेन्सर खरे सांगतो की नाही हे पाहण्याची त्यांची रीत साधी आणि तर्काला पटणारी आहे. स्कॅनर जोडूनच त्यांनी गाडी महामार्गावर घेतली, वेग चढवला आणि मग एक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच वाहू दिली. अशा वेळी संगणक डिझेलचा पुरवठा बंद करतो, त्यामुळे सायलेन्सरमधून निव्वळ हवा जाते. नॉक्स सेन्सर ऑक्सिजनही मोजत असल्याने दोन्ही सेन्सरांवर त्या क्षणी ऑक्सिजन 21 टक्क्यांच्या जवळ आणि नॉक्स शून्याच्या जवळ दिसायला हवे. पडद्यावर दोन्ही आकडे अगदी तसेच आले. पुन्हा एक्सिलरेटर दिल्यावर अलीकडचा सेन्सर तीनशे-चारशे पीपीएमच्या (दहा लाख भागांतील भाग) दरम्यान स्थिरावला, आणि पलीकडचाही जवळपास तेवढेच दाखवू लागला. दोन्ही सेन्सर निरोगी होते, आणि ॲडब्लूचा परिणाम होत नव्हता, हे एवढ्या एका चाचणीतून स्पष्ट झाले. स्कॅनरवरचे हे आकडे त्यांनी मला शेजारच्या सीटवर बसवून दाखवले, ही बाब मला विशेष मोलाची वाटते.

पुढचे काम वर्कशॉपमध्ये झाले. टाकीतल्या ॲडब्लूचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या द्रावणाची तीव्रता दाखवणाऱ्या उपकरणाच्या काचेवर घेऊन त्यांनी युरियाचे प्रमाण पाहिले, ते 32.5 टक्के योग्य निघाले, म्हणजे भेसळ किंवा पाणी मिसळण्याची शक्यता संपली. मग सायलेन्सरवरचा ॲडब्लूचा इंजेक्टर उतरवला. त्याच्या तोंडाभोवती आणि खालच्या गॅस्केटच्या कडेने पांढरे, टणक, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे स्फटिक जमले होते. इंजेक्टर मापाच्या काचपात्रात धरून स्कॅनरवरून फवारणीची आज्ञा दिली, तेव्हा फवारा एका बाजूला वाकडा पडत होता आणि ठरलेल्या वेळात जमणारे द्रव अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले. शहरात गाडी थोड्या अंतरावर, संथ वेगाने चालत राहिली, की सायलेन्सर पुरेसा तापत नाही, फवारलेल्या युरियाचे पूर्ण रूपांतर होत नाही आणि उरलेला भाग इंजेक्टरच्या तोंडावर साचत जातो. फ्रीझ फ्रेममधले ते दोनशे अंश याच कारणाकडे बोट दाखवत होते.

हे स्फटिक तारेच्या ब्रशने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडले तर इंजेक्टरची बारीक भोके कायमची बिघडतात. मिस्त्रींनी इंजेक्टरचे टोक कोमट डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवले, कारण युरियाचे ताजे स्फटिक पाण्यात विरघळतात, आणि अधूनमधून पाणी बदलत राहिले. शेवटी फवारा सरळ आणि मोकळा पडू लागल्यावर पुन्हा काचपात्रात मोजणी झाली. गॅस्केट आणि क्लॅम्प नवे बसवले, जुने परत वापरले नाहीत. डीपीएफमध्ये काजळीही बऱ्यापैकी साठली असल्याने स्कॅनरवरून तिचे ज्वलन, म्हणजे रिजनरेशन, मोकळ्या आवारात करून घेतले. त्या वेळी फिल्टरमधले तापमान 600 अंशांच्या घरात जाते, म्हणून आसपास कचरा, कापडे किंवा माणसे नसतील याची त्यांनी जी काळजी घेतली, ती पाहून वर्कशॉपच्या शिस्तीविषयी खात्री पटली. नंतर कागलच्या दिशेने घेतलेल्या फेरीत अलीकडचा सेन्सर पूर्वीइतकाच आकडा दाखवत होता आणि पलीकडचा पन्नासच्या खाली उतरला होता. कोड त्यानंतरच पुसला गेला. दोन्ही सेन्सर मूळचेच आहेत.

हे वर्कशॉप सेन्सर बदलतच नाही असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. माझ्या गाडीशेजारी एक सहा सिलिंडरची पेट्रोल एसयूव्ही उभी होती आणि तिच्यावर पी0135 हा कोड होता, म्हणजे पहिल्या बँकेतल्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे मंडल तुटलेले. व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि पहिला सिलिंडर ज्या रांगेत असेल ती पहिली बँक; ही साधी गोष्ट न पाहता चुकीच्या बाजूचा चांगला सेन्सर बदलला जाण्याचे प्रकार सर्वत्र घडतात. इथे त्यांनी फ्यूज पाहिला, कनेक्टरपर्यंत वीज पोहोचते हे पाहिले आणि मग मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजला. चांगल्या सेन्सरमध्ये तो काही ओहम असतो. इथे मल्टिमीटर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे आतली तार तुटली होती. अशा वेळी सेन्सर बदलणे हाच उपाय, आणि तो त्यांनी सांगितला. जुना सेन्सर आट्यांत घट्ट धरला होता. सेन्सरच्या वायरसाठी कडेने कापलेल्या सॉकेटने, सायलेन्सर कोमट असताना, पुढे-मागे हलवत त्यांनी तो सोडवला. नंतर 18 मिलिमीटर व्यासाच्या, दीड मिलिमीटर पिचच्या टॅपने आटे साफ केले आणि नवा सेन्सर टॉर्क रेंचने बसवला. नव्या सेन्सरच्या आट्यांना कारखान्यातूनच उष्णतेत न चिकटणारे ग्रीस लावलेले असते. त्यातले बोटभर जरी सेन्सरच्या टोकाला लागले तरी तो बिघडतो, म्हणून शिकाऊ मुलाला त्यांनी हातमोजे बदलायला लावले. लेथ आणि फाउंड्रीच्या कामावर वाढलेल्या उद्यमनगरात आट्यांची अशी कदर होते, याचे आश्चर्य वाटू नये.

या निमित्ताने पीयूसीविषयी एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. पेट्रोल पंपावर डिझेल गाडीची जी चाचणी होते, तीत इंजिनाचा वेग एकदम वाढवून धुराची घनता मोजतात. नायट्रोजनच्या ऑक्साइड्सचे प्रमाण तीत मोजलेच जात नाही. माझ्या गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र दिवा लागला त्या काळात पूर्णपणे वैध होते, आणि डीपीएफ चांगला असल्याने तिच्या धुराचा आकडाही अत्यल्प होता. त्यामुळे ‘पीयूसी पास आहे, मग दिव्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल’ हा युक्तिवाद टिकत नाही. डोळ्यांना न दिसणारा हा वायू श्वसनमार्गाला अपायकारक आहे, आणि गाडीतला सेन्सर नेमका तोच मोजत असतो.

देखभालीसंबंधी मिस्त्रींनी जे सांगितले ते इतरांनाही उपयोगी पडेल. नॉक्स सेन्सरचा हीटर इंजिन सुरू होताच पूर्ण तापत नाही. सायलेन्सरमधले साचलेले पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत संगणक त्याला रोखून धरतो, कारण कंदिलाची तापलेली काच पाण्याच्या थेंबाने तडकते तशीच ही पट्टीही तडकू शकते. राजारामपुरीतून लक्ष्मीपुरीपर्यंत आणि परत, एवढीच ज्या गाडीची धाव असते, तिच्यात ते पाणी कधीच पूर्ण सुकत नाही, सेन्सर कामालाच लागत नाही आणि डीपीएफचे ज्वलनही अर्धवट राहते. म्हणून अशी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग, स्थिर वेगाने पळवावी; पन्हाळ्याचा चढ त्यापेक्षा कमी उपयोगी, कारण तिथे भार सतत बदलतो. इंजिन ऑइल उत्पादकाने सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचेच असावे. ऑइलमधली राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची साठते आणि फॉस्फरससारखे घटक सेन्सरवर थर धरतात. गॅस्केटऐवजी साधे सिलिकॉन फासणाऱ्या मिस्त्रीकडून इंजिनाचे काम करून घेऊ नये, कारण त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला निकामी करते. ॲडब्लू सीलबंद आणि ताज्या तारखेचेच घ्यावे. 30 अंशांपर्यंतच्या तापमानात ते साधारण वर्षभर टिकते, 35 अंशांत ही मुदत निम्म्यावर येते, त्यामुळे उन्हाळाभर दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला कॅन स्वस्तात मिळाला तरी घेण्यात अर्थ नाही.

कोल्हापूरकरांसाठी पावसाचा मुद्दा स्वतंत्र आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांत शिरले, तेव्हा कित्येक गाड्या दाराशीच पाण्यात उभ्या राहिल्या. सेन्सरच्या पेट्या आणि कनेक्टर गाडीच्या तळाशी असतात. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू झाली म्हणून लोक निश्चिंत होतात, पण कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या पडत जातात आणि बऱ्याच काळाने कधी येणारे, कधी जाणारे कोड दिसू लागतात. असा एक कनेक्टर मिस्त्रींनी जपून ठेवला आहे. बाहेरून नवाकोरा आणि आत एका पिनेची नुसती भुकटी. पुरात भिजलेल्या गाडीचे कनेक्टर उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, सुकवून बसवावेत, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी जोरदार पाण्याचा फवारा सेन्सरच्या बाजूला मारू देऊ नये, असे त्यांचे सांगणे आहे. तापलेल्या सायलेन्सरसह गाडी साठलेल्या पाण्यात घालणे तर टाळलेच पाहिजे.

आणखी एका कारणासाठी या वर्कशॉपविषयी आदर वाटतो. डीपीएफ काढून टाकून, सॉफ्टवेअर बदलून सेन्सर गप्प करून देणारे लोक आता सगळीकडे आहेत आणि हा उपाय दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या गल्लीतली मुले ज्या हवेत खेळतात तिच्यात विष सोडणे योग्य नाही. मी तिथे असताना एका गृहस्थांनी हेच काम करून देण्याची विनंती केली. मिस्त्रींनी त्यांना बसवून घेतले, हे काम इथे होत नाही असे शांतपणे सांगितले आणि डीपीएफ उतरवून यंत्राने साफ करण्याचा पर्याय समजावून दिला.

उणिवाही नमूद करायला हव्यात. बसायला धड जागा नाही. तपासणीसाठी इंजिन पूर्ण थंड हवे असल्यास गाडी रात्रभर ठेवावी लागते आणि त्या काळात पर्यायी वाहन मिळत नाही. वेळ आधी ठरवून न गेल्यास परत यावे लागण्याची शक्यता मोठी, कारण एका वेळी मोजक्याच गाड्या घेतात. बिल सविस्तर असते, परंतु तपासणीचा अहवाल स्कॅनरमधून निघतो तसा इंग्रजी कागदच असतो; तोंडी दिलेले मराठी स्पष्टीकरण इतके सुबोध असते, की तेच त्यांनी दोन परिच्छेदांत लिहून दिले तर मालकाच्या दप्तरी कायम राहील. तपासणीचे शुल्क नेहमीच्या गॅरेजपेक्षा बरेच जास्त आहे आणि काहीही बदलावे लागले नाही तरी ते द्यावेच लागते. मला ते रास्त वाटले, कारण तपासण्याचेच पैसे मिळणार असतील तर सुटा भाग विकण्याचा मोह उरत नाही.

काही गाड्यांमध्ये नवा नॉक्स सेन्सर बसवल्यावर त्याची नोंद उत्पादकाच्या सर्व्हरवरून करावी लागते. ती सोय इथे सर्व गाड्यांसाठी नाही, आणि आपल्या मॉडेलसाठी ती आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे. ते स्पष्ट उत्तर देतात. वॉरंटीतली गाडी अधिकृत केंद्रातच न्यावी, असेही ते स्वतःच सांगतात. वॉरंटी संपलेल्या, धुराशी संबंधित कोड दाखवणाऱ्या गाडीच्या मालकाने मात्र कुणाकडूनही कोड पुसून न घेता, आधीच्या सर्व्हिसिंगची बिले आणि वापरलेल्या ऑइलचा दर्जा लिहिलेला कागद सोबत घेऊन इथे जावे. ते कागद पाहिल्याशिवाय बॉनेटला हात लावला जात नाही.